अवर्षण आणि राज्यविप्लव : दख्खनच्या इतिहासातील एका कार्यकारणभावाची परीक्षा

१

ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या उत्तर टोकाला वसलेल्या दिघ्यासारख्या कामगारवस्तीविषयी लिहिताना, ‘१९७२ च्या दुष्काळाने ही माणसे येथे आणली’ असे विधान लेखणीतून सहज उतरते. मध्ययुगाचा अभ्यासक १६३० च्या दुष्काळाने निजामशाही खचली असे म्हणतो. एकोणिसाव्या शतकाचा अभ्यासक दख्खनमधील बंडांचे मूळ १८७६ च्या अवर्षणात शोधतो. आणि पुरातत्त्वज्ञ इनामगावच्या ऱ्हासासाठी इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास घटलेल्या पर्जन्यमानाकडे बोट दाखवितो. काळ, प्रदेश आणि साधने ह्यांत एवढे अंतर असूनही ह्या चारही विधानांची घडण एकच आहे : आकाशात काही घडले, म्हणून जमिनीवर काही घडले. मधला ‘म्हणून’ सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र क्वचितच पत्करली जाते. प्रस्तुत लेखात त्या ‘म्हणून’ची परीक्षा करावयाची आहे.

ह्या परीक्षेला आजचे निमित्तही आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे हे शास्त्रज्ञांनी निर्विवादपणे दाखविले आहे, आणि त्यापुढे युद्धे, स्थलांतरे व राज्यनाश होतील अशी भाकिते केली जातात. भाकितांना साक्षीदार लागतो आणि त्या जागी इतिहासाला उभे केले जाते. साक्षीदाराने पाहिले नाही तेही सांगितले, तर त्याची पाहिलेलीही साक्ष संशयास्पद ठरते. म्हणून दख्खनच्या इतिहासाला नेमके काय सांगता येते हे ठरविणे हे ह्या प्रदेशातील अभ्यासकांचे काम आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करावयास हवा. एका वर्षी पाऊस न पडणे हे अवर्षण होय. कित्येक दशके पर्जन्यमान खाली जाणे हा हवामानातील पालट होय. आणि माणसांना अन्न न मिळणे हा दुष्काळ होय. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या प्रांतातील आहेत, तिसरी समाजाच्या. मराठीत ‘दुष्काळ पडला’ असे आपण पावसासारखेच म्हणतो. ह्या क्रियापदातच अर्धा वाद गृहीत धरलेला असतो.

२

हवामान हेच इतिहासाचे नियामक तत्त्व आहे, हे मत विसाव्या शतकाच्या प्रारंभी एल्स्वर्थ हंटिंग्टन ह्या अमेरिकन भूगोलज्ञाने हिरिरीने मांडले. ‘द पल्स ऑफ एशिया’ (१९०७) ह्या ग्रंथात मध्य आशियातील कोरडेपणाच्या चढउतारांशी त्याने टोळ्यांची आक्रमणे जोडली. ‘सिव्हिलिझेशन अँड क्लायमेट’ (१९१५) मध्ये त्याने राष्ट्रांच्या कर्तबगारीची प्रतवारीही हवामानावरून लावली. ह्या दुसऱ्या ग्रंथातील वांशिक अहंकार आज कोणाला मान्य होणार नाही. त्याची प्रतिक्रिया म्हणून पुढील पिढीतील इतिहासकारांनी हवामानाचा विषयच वर्ज्य केला. १९६७ मध्ये फ्रेंच इतिहासकार ल रुआ लादुरी ह्याने इसवी सन १००० पासूनच्या हवामानाचा इतिहास लिहिला, तो ह्या पार्श्वभूमीवर. द्राक्षतोडीच्या तारखा आणि हिमनद्यांच्या नोंदी ह्यांवरून हवामानाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिता येतो हे त्याने दाखविले. परंतु त्याचे मानवी परिणाम गृहीत धरू नयेत, असा इशाराही दिला.

अलीकडच्या काळात जेफ्री पार्कर ह्याच्या ‘ग्लोबल क्रायसिस’ (२०१३) ह्या बृहद्ग्रंथाने प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. सतराव्या शतकाच्या मध्यास चीनपासून इंग्लंडपर्यंत राज्ये डळमळली; त्याच सुमारास जगाचे हवामान थंड व लहरी झाले होते; ह्या दोन घटनांचा संबंध त्याने अफाट साधनसामग्रीच्या बळावर जोडला आहे. पार्कर हा हंटिंग्टनचा वारस नव्हे. राज्यकर्त्यांच्या निर्णयांना तो मोठे स्थान देतो, आणि त्याच हवामानात जपान सावरला हे स्वतःच नोंदवितो. तथापि एवढ्या विस्तृत पटावर एकेका प्रदेशाच्या वाट्याला थोडी पाने येतात, आणि घटनांचा समकालीनपणाच कारणाची जागा घेऊ लागतो. त्यासाठी एका प्रदेशावर थांबून, तेथील अनेक अवर्षणे एकापुढे एक ठेवून पाहणे अधिक फलदायी होईल.

परीक्षेची कसोटी परकीय तर्कशास्त्रातून आणण्याची गरज नाही. आपल्या न्यायशास्त्राने कारण ठरविण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक सांगितले. कारण असताना कार्य झाले पाहिजे; कारण नसताना होता कामा नये. कारण हजर असून कार्य झाले नाही, तर तो व्यभिचार, आणि मग ते एकटे कारण पुरेसे नव्हे. ह्याच शास्त्राने ‘अन्यथासिद्ध’ अशी एक कोटी मानली. घट तयार होताना माती वाहून आणणारे गाढव तेथे असते, पण त्याला घटाचे कारण म्हणत नाहीत. माती कारण, दंड व चक्र कारण, कुंभार कारण. गाढव केवळ उपस्थित. राज्यविप्लवाच्या प्रसंगी उपस्थित असलेले अवर्षण हे माती आहे, दंड आहे की गाढव, एवढाच आपला प्रश्न आहे.

३

आरंभ सर्वांत जुन्या प्रकरणाने करू. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ह्यांचे हे कार्य भारतीय पुरातत्त्वातील मानदंड होय. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याचे कोठार, पुराचे पाणी वळविण्याचा बांध व पाट, दफने. एका ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे सगळे जीवन येथे उलगडले. पूर्व-जोर्वे काळात (सुमारे इ. स. पू. १४०० ते १०००) घरे मोठी व आयताकार आहेत, पिकांत सातू आहे. उत्तर-जोर्वे काळात (सुमारे इ. स. पू. १००० ते ७००) घरांची जागा लहान गोल झोपड्या घेतात, सातू कमी होतो, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. गोदावरी व तापीच्या खोऱ्यांतील बहुतेक वसाहती, दायमाबादसह, ह्याच सुमारास ओस पडतात. ढवळीकरांनी ह्याचा अर्थ असा लावला की, पर्जन्यमान घटले, शेती बसली, आणि स्थिर शेतकरी अर्धभटके पशुपालक झाले.

हा सिद्धांत त्याच्या साधेपणामुळे आकर्षक आहे आणि त्याचे श्रेयही मोठे आहे : राजवंशांच्या याद्यांतून बाहेर काढून त्याने पुरातत्त्वाला सामान्य शेतकऱ्याच्या दाराशी आणले. परंतु त्यात एक वर्तुळ आहे. झोपड्या लहान झाल्या, कारण पाऊस घटला. आणि पाऊस घटला हे कशावरून, तर काही अंशी झोपड्या लहान झाल्या व सातू कमी झाला ह्यावरून. कार्याच्या आधारे कारण अनुमानावयाचे आणि मग त्याच कारणाने कार्य स्पष्ट करावयाचे, ही पद्धत टिकत नाही. कारणाचा पुरावा कार्याहून स्वतंत्र असावयास हवा. ग्वेन रॉबिन्स शुग ह्यांनी ‘बायोआर्किऑलॉजी अँड क्लायमेट चेंज’ (२०११) ह्या ग्रंथात नेमका ह्याच ठिकाणी घाव घातला. नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांचे सांगाडे तपासून उत्तर-जोर्वे काळात वाढ खुंटल्याची चिन्हे त्यांनी दाखविली, म्हणजे हाल झाले हे खरे. पण ह्या प्रदेशातील निमकोरडे हवामान त्याच्या पुष्कळ आधीपासून स्थिरावलेले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. तसे असेल तर ज्या हवामानात शेती चारशे वर्षे फुलली, त्याच हवामानात ती कोमेजली. आणि मग जमिनीचा वापर, लोकसंख्या व उत्पादनाची पद्धती ह्यांकडे वळावे लागते.

राजस्थानात असाच प्रकार झाला आहे. तेथील सरोवरांतील परागकणांच्या अभ्यासावरून १९७० च्या दशकात हडप्पा संस्कृतीच्या अस्ताचा संबंध कोरडेपणाशी जोडला गेला. १९९९ मध्ये लूणकरणसर सरोवराच्या गाळाचे नव्याने कालमापन झाले, तेव्हा हे सरोवर नागर हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीपूर्वीच आटले होते असे आढळले. पुढे इतर स्थळांवरून सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या मोसमी पावसाच्या क्षीणतेचा पुरावा मिळाला, आणि मेघालयातील मावम्लुह गुहेतील लवणस्तंभावरून २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ हे नावही दिले गेले. वाद संपला नाही. परंतु कालमापनातील थोडासा फरक कारणाला कार्याच्या मागे नेऊन ठेवतो, हा धडा आपल्याला पुरेसा आहे.

४

आता ऐतिहासिक काळाकडे वळू. दुर्गादेवीचा दुष्काळ महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत सर्वांत भीषण मानला जातो. परंपरेने त्याचा काळ १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा दिला जातो. ही परंपरा उत्तरकालीन आहे हे ध्यानात ठेवावयास हवे. परंतु छत्तीसगडमधील दंडक गुहेतील लवणस्तंभाच्या अभ्यासाने (२००७) चौदाव्या-पंधराव्या शतकांत मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा राहिल्याचे दाखविल्यामुळे परंपरेला निसर्गाचीही साक्ष मिळाली आहे. म्हणजे येथे एखाद्या वर्षाचे अवर्षण नसून खरोखरीचा हवामानातील पालट असण्याचा संभव आहे. हवामानवाद्याला ह्याहून अनुकूल उदाहरण मिळणार नाही.

राज्याचे काय झाले? १३९७ ह्या एका वर्षात बहामनी तख्तावर तीन सुलतान आले. हे पाहून ‘अवर्षणाने सिंहासन हादरले’ असे लिहिण्याचा मोह होईल. पण ह्या उलाढालीची हकीकत दरबारी आहे : एक तुर्की गुलाम, एक अल्पवयीन राजा, आणि राजघराण्यातील भाऊबंदकी. त्यातून गादीवर आला तो फिरोजशहा (१३९७–१४२२), बहामनी वंशातील समर्थ सुलतानांपैकी एक. परंपरेने दिलेली दुष्काळाची बाराही वर्षे जवळजवळ पूर्णपणे त्याच्या कारकिर्दीत पडतात. आणि त्याच वर्षांत तो विजयनगरशी मोहिमा करीत होता. बहामनी राज्य त्यानंतर शतकभर टिकले. न्यायशास्त्राच्या भाषेत हा उघड व्यभिचार आहे.

मग दुर्गादेवीच्या दुष्काळाने काहीच उलथले नाही काय? उलथले, पण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या गतीने. ग्रँट डफने जुन्या कागदांच्या व परंपरेच्या आधारे जे दिले आहे त्यावरून, डोंगरी किल्ले व दुर्गम मुलूख स्थानिक पुंडांच्या हाती गेले, गावे इतकी उजाड झाली की शिवांच्या खुणा विसरल्या गेल्या, आणि पुढे दादो नरसो काळे ह्याच्यासारख्या अधिकाऱ्यांना नव्याने वसाहत करून गावांच्या सीमा आखून द्याव्या लागल्या. वतनदार मेले किंवा परागंदा झाले म्हणजे पाटीलकी कोणाची, शेत कोणाचे, कोणत्या कुळाचा कोणता हक्क, हे सगळे नव्याने ठरते. तख्ताच्या इतिहासात ह्याला एक ओळही मिळत नाही. गावाच्या इतिहासात हीच क्रांती असते. तिचे स्वरूपही हवामानाने ठरविले नाही. रिकाम्या जमिनीवर कोणाचा हक्क मानावयाचा, हे वसाहत करून देणाऱ्या सत्तेने ठरविले.

५

१६३० चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण येथे दुष्काळ आणि राज्यनाश दोन्ही खरे आहेत. १६३० मध्ये गुजरात व दख्खनमध्ये पाऊस गेला; १६३१ मध्ये गुजरातेत उरलेसुरले पीक उंदीर, टोळ व अतिवृष्टी ह्यांनी खाल्ले. अब्दुल हमीद लाहोरीचा ‘बादशाहनामा’ आणि पीटर मंडी ह्या इंग्रज व्यापाऱ्याचा प्रवासवृत्तांत ह्या दोन अगदी भिन्न साधनांत विनाशाचे चित्र एकच आहे. तुकोबांच्या चरित्रपरंपरेत त्यांची पहिली पत्नी ह्याच दुष्काळात अन्नावाचून गेल्याचे सांगितले आहे. १६३३ मध्ये दौलताबाद पडले. १६३६ मध्ये शहाजीराजांना ठाणे प्रांतातील माहुलीच्या किल्ल्यावर शरण जावे लागले आणि निजामशाही संपली. अन्वय जुळल्यासारखा दिसतो.

पण क्रम पाहा. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, आणि राज्याला धरून ठेवणारा हात गेला. लखुजी जाधवरावांचा भर दरबारात खून झाला तो जुलै १६२९ मध्ये, म्हणजे पाऊस जाण्यापूर्वी एक वर्ष. खानजहान लोदी आग्ऱ्याहून पळून दख्खनेत आला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. आणि त्याच्या पाठीवर शहाजहान १६३० च्या आरंभी बऱ्हाणपुरास येऊन बसला, तोही पावसाळ्यापूर्वी. निजामशाहीच्या मृत्यूची सगळी पात्रे रंगभूमीवर आली, तेव्हा १६३० चे आभाळ अद्याप कोरडे ठरलेले नव्हते.

व्यतिरेकाची कसोटीही पाहावी. कमीअधिक प्रमाणात तेच आभाळ अहमदनगर, विजापूर व गोवळकोंडा ह्या तिन्ही राज्यांवर होते. त्यांपैकी एक बुडाले. आदिलशाही १६८६ पर्यंत आणि कुतुबशाही १६८७ पर्यंत टिकली. आणि मोगल सत्ता तर त्या दुष्काळातूनच विस्तारली.

अवर्षणाला म्हणून बाजूस सारावयाचे काय? तसे केल्यास दुसरी चूक होईल. दुष्काळ कोणाला किती झोंबतो हे ठरविणारी यंत्रणा ह्याच प्रकरणात स्पष्ट दिसते. शहाजहानने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, सुमारे सत्तर लक्ष रुपयांचा सारा सोडला. हे दरबारी इतिहासकार अभिमानाने सांगतो. परंतु त्याच बऱ्हाणपुरात त्याची अवाढव्य छावणी होती, आणि तिला धान्य लागत होते. दख्खनमध्ये लांब पल्ल्याचे धान्य हलविणारे एकच साधन होते, ते म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे. आणि तांडा जातो तो भाव व संरक्षण ज्या दिशेला असेल तिकडे. लष्कराशी शेतकऱ्याला स्पर्धा करता येत नाही. लंगरात एका हाताने दिलेले अन्न छावणीने दुसऱ्या हाताने काढून घेतले असेल, तर त्या मृत्यूंचा हिशेब आकाशाच्या खाती मांडता येणार नाही. पुण्याचा प्रदेश तर ह्याच वर्षांत आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने जाळून गाढवाचा नांगर फिरविलेला होता. तेथे पाऊस पडला असता, तरी पेरणार कोण होते?

शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी केलेल्या वसाहतीचे वर्णन बखरींच्या परंपरेत येते : कौल देऊन कुळे बोलाविणे, पहिल्या वर्षी अत्यल्प सारा घेऊन तो पायरीपायरीने वाढविणारा इस्तावा, लांडगे मारणारास इनाम. स्वराज्याच्या उदयाची भूमी ही अशी ओस पडून पुन्हा वसविलेली भूमी होती. अवर्षणाचा राजकीय परिणाम शोधावयाचाच असेल, तर तो निजामशाहीच्या पतनापेक्षा येथे शोधावा. उजाडपणाने जुने हितसंबंध सैल केले. त्या सैलपणात नवी व्यवस्था उभी करणारा कोणी असला, तर ती उभी राहते. अवर्षण येथे गाढवाहून अधिक आहे, कुंभाराहून पुष्कळ कमी.

६

एकोणिसाव्या शतकात साधने विपुल आहेत, आणि म्हणूनच चुकीला सबब नाही. दख्खनमधील सावकारविरोधी दंगे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झाले. कर्जखते जाळली गेली, वह्या फाडल्या गेल्या. माणसांना मारहाण तुलनेने थोडी झाली. पाऊस गेला तो १८७६ मध्ये. म्हणजे दख्खनचा सर्वांत प्रसिद्ध शेतकरी-उठाव अवर्षणाच्या आधी वर्षभर झाला. त्याची कारणे वेगळी आहेत : अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वधारलेला आणि नंतर कोसळलेला कापसाचा भाव, १८६७ पासूनच्या फेरतपासणीत वाढलेला सारा, आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने सावकाराच्या हाती आलेली जमीन. नील चार्ल्सवर्थ ह्यांनी १९७२ मध्ये ह्या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेले आहे असे प्रतिपादन केले. ते मान्य केले तरी क्रम बदलत नाही.

१८७६–७८ च्या अवर्षणाचे स्वरूप मात्र जागतिक होते. प्रशांत महासागरातील प्रबळ ‘एल निनो’मुळे भारत, चीन व ब्राझील येथे एकाच वेळी पाऊस हटला हे आता स्थापित आहे. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत दरबार भरला; धान्याची निर्यात चालू राहिली; आणि सर रिचर्ड टेंपल ह्याने दुष्काळी कामांवरील मजुराचा दर दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडून दिले. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावच्या हकीकती गोळा करून सरकारपुढे ठेवल्या. जोतीराव फुल्यांनी धनकवडी येथे १८७७ मध्ये बालाश्रम उघडला. ‘लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स’ (२००१) ह्या ग्रंथात माइक डेव्हिस ह्याने ह्या मृत्यूंचा दोष आकाशावरून काढून साम्राज्याच्या अर्थनीतीवर ठेवला. त्याचा रोख योग्य आहे. मात्र एकच बाजारनीती सर्व इलाख्यांवर सारखीच चालली असे त्याच्या चित्रातून सुचते, ते तपासून घ्यावयास हवे. रेल्वे धान्य आणतेही आणि नेतेही. कोणते घडले हे तालुक्यातालुक्याने पाहावे लागते.

दुष्काळानंतर बंड झाले ते १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके ह्यांचे. ते शिरढोणचे, म्हणजे पनवेल परिसरातले. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीस. दुष्काळग्रस्त रयतेचे हाल हे आपल्या बंडाचे एक प्रमुख कारण म्हणून त्यांनी स्वतः सांगितले आहे. येथे अवर्षणापासून बंडापर्यंतचा दुवा बंडकर्त्याच्याच साक्षीने मिळतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्याबरोबर कोण गेले? प्रामुख्याने रामोशी. उपाशी तर कुणबी, महार, मांग, धनगर सगळेच होते. रामोशांची गोष्ट अशी की, किल्ल्यांची व गावांची राखण हा त्यांचा परंपरागत हक्क पेशवाईनंतर ढासळत गेला. उमाजी नाईकाच्या बंडापासून (त्याला १८३२ मध्ये फाशी झाली) हाच हक्क वादाचा विषय होता. उपासमारीने सर्वांना सारखे पिळले; शस्त्र हाती घेण्याची सवय, संघटना आणि जुनी फिर्याद ज्यांच्यापाशी होती, तेच उठले. उपासमार आणि बंड ह्यांमधले हे अंतर हवामानाच्या कोणत्याही आलेखात दिसणार नाही.

७

शेवटचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९७० ते १९७३ ही तीन वर्षे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस अपुरा झाला, आणि १९७२ चे वर्ष सर्वांत वाईट गेले. ह्या वेळी काय झाले? मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघाले. वसंतराव नाईकांचे मंत्रिमंडळ त्या दुष्काळाने पडले नाही. वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अवर्षणातून ह्या वेळी कामाचा कायदेशीर हक्क निघाला. हाल झाले नाहीत असे कोणी म्हणणार नाही; परंतु १८७७ मधील एक पौंडाचा दर आणि १९७७ मधील हमीचा कायदा ह्यांतील फरक पावसाने घडविलेला नाही. मधल्या शंभर वर्षांत राज्यकर्त्याला प्रजेच्या मतावर अवलंबून राहावे लागू लागले होते.

आता प्रारंभीच्या दिघ्याकडे वळता येईल. दुष्काळी पट्ट्यातील माणसे ठाणे-बेलापूर पट्ट्यात आली हे खरे आहे. परंतु दुष्काळग्रस्त शेतकऱ्यापुढे अनेक वाटा असतात : गावातच खडी फोडणे, ऊसतोडीला जाणे, पुण्यास जाणे, मुंबईस जाणे. दिघ्याची वाट उघडली, कारण १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, खाडीकाठच्या गावांच्या जमिनी कारखान्यांकडे गेल्या, आणि कारखान्यांना हात हवे होते. अवर्षणाने घर सोडावयास लावले. पत्ता उद्योगाने दिला. दुष्काळाशी संबंध नसलेल्या प्रदेशांतूनही माणसे त्याच पत्त्यावर आली, ह्यावरून दुसऱ्या कारणाचे बळ कळून येते.

आल्यानंतर त्यांच्या जीवनातील उलथापालथ कशाने झाली? २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने दिघ्यातील अनधिकृत इमारतींवर कारवाई सुरू झाली, आणि अनेक कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर वादात सापडले. ह्या संकटाचा उगम जमिनीच्या मालकीत व बांधकामाच्या परवान्यात होता, पावसात नव्हता. पाण्याचेही तसेच. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि इलठणपाड्याच्या डोंगरात ब्रिटिश काळात बांधलेले धरण आहे. पण ते बांधले गेले रेल्वेसाठी. पाणी किती आहे आणि पाणी कोणाचे आहे, हे दोन प्रश्न येथे शेजारी शेजारी उभे आहेत. ह्या रहिवाशांना आज ‘हवामान-निर्वासित’ असे नाव देणे सोपे आहे. ते नाव दिले की कारखान्याने दिलेली मजुरी, न मिळालेला सातबारा आणि धरणाची मालकी हे सगळे प्रश्न आभाळात विरून जातात.

८

चारही ऐतिहासिक प्रकरणे एकत्र ठेवली म्हणजे निष्कर्ष असा निघतो. दुर्गादेवीच्या दीर्घ अवर्षणात तख्त टिकले आणि गावे मोडली. १६३० मध्ये आधीच मरणोन्मुख असलेले एक राज्य मेले आणि त्याच आभाळाखाली दुसरी जगली. १८७६ मध्ये साम्राज्य अबाधित राहिले आणि रयत मेली. १९७२ मध्ये कायदा जन्मला. कारण एक आणि कार्ये चार, हे न्यायशास्त्राला मानवणारे नाही. अवर्षण हे सहकारी कारण आहे. ते तूट निर्माण करते; ती तूट कोणाच्या खाती मांडावयाची हे सारा, कर्ज, कोठार, वाहतूक आणि हक्क ह्यांची व्यवस्था ठरविते. विप्लव होतो तो त्या वाटपावरून.

ह्यावरून हवामानाचा अभ्यास निरर्थक आहे असे कोणी समजू नये. लवणस्तंभ, गाळ, परागकण आणि वृक्षवलये ह्यांनी दिलेली माहिती इतिहासकाराने आत्मसात केलीच पाहिजे. पावसाची नोंद नसलेला दख्खनचा इतिहास अर्धवट आहे, आणि आपल्या राजकीय इतिहासांपैकी पुष्कळ तसे आहेत. मागणी एवढीच आहे की, ‘म्हणून’ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी दाखवाव्यात : पाऊस घटल्याचा स्वतंत्र पुरावा, घटनांचा महिनावार क्रम, आणि त्याच आभाळाखाली न उलथलेल्या शेजाऱ्याची हकीकत. ह्या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे. जी राज्ये, जी गावे आणि ज्या जाती अवर्षणातून सावरल्या, त्यांचा इतिहास लिहिला गेलेला नाही, कारण त्यांत घडण्यासारखे काही घडले नाही असे मानले गेले. वास्तविक येत्या काळाला उपयोगी पडेल असा इतिहास तोच आहे. कुळकर्ण्यांच्या दप्तरांत, इस्ताव्याच्या कागदांत आणि दुष्काळी कामांच्या हजेरीपटांत तो पडून आहे.